जांभळी रेघ

सगुणाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चपला काढून उलट्या फिरवायच्या. चपलांची तोंडं रस्त्याकडे. आत बाळंतीण किंचाळत असली तरी पायरीवर वाकून हे काम व्हायचंच. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, तिकडे जीव चाललाय आणि तुम्ही चपला कसल्या मांडता?"

"येतानी घाई केली तरी चालते कंपाउंडर," त्या म्हणाल्या. "जातानी पाय चाचपडले नाई पायजे." आणि वर, "तुमचा जीव औषधाच्या शिशीएवढा. बूच लावून गप राहा," असा आहेरही दिला.

हिंगणघाटच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि त्या नर्स. डॉक्टर एकच, आणि तेही कधी कोर्टात साक्षीला तर कधी वर्ध्याला मीटिंगला. त्यामुळे अर्ध्या तालुक्यानं पहिला टाहो फोडला तो बाईंच्या हातात. ठेंगणा बांधा, काळासावळा रंग, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. हात मात्र पुरुषासारखे रुंद, आणि कार्बोलिकच्या साबणानं कोपरापर्यंत धुऊन धुऊन पांढुरके पडलेले. आवाजाचं काय सांगावं? कापसाच्या बाजारात बोली पुकारायला उभं केलं असतं तर दलालांची पोटं उपाशी राहिली असती.

नवरा गिरणीत होता. छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. त्यानंतर त्या नागपूरला जाऊन नर्सिंग शिकल्या. पदरात एकच मुलगी, लीला. तिला शेजारणीच्या ओटीत घालून शिकल्या, आणि परत आल्यावर तिला कधी नजरेआड होऊ दिलं नाही. लीला सासरी गेली त्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसल्या. माझ्या मिक्चरात पाणी जास्त आहे, हे त्यांना त्याच दिवशी दिसलं.

त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. गावोगावी ते माहीत होतं, आणि घेतली नसती तरी जात माहीतच होती. एका पाटलाच्या घरी बाळंतपण उरकून त्या बाहेर आल्या, आणि सासू तांब्या घेऊन त्यांच्या पावलांवर पाणी शिंपडत मागून आली. मी शरमेनं खाली पाहिलं. बाई वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आत्याबाई, तुमचा नातू आंधी माह्या हातात आला, मंग तुमच्या. त्याच्यावर बी शिंपडून घ्या. आणि पुरलं नाई पाणी, तर सांगा, आणून देतो." सासूचा तांब्या तिथंच थांबला. त्याच घरच्या दुसऱ्या सुनेच्या वेळी त्याच म्हातारीनं बाईंना चहा दिला, तोही बशीतून नव्हे, घरच्या कपातून. बाईंनी तो प्यायला, पण गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "साखर कमी होती."

गाडी म्हणजे दवाखान्याची जीप. लढाईतून उरलेली, डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करी सामानाच्या लिलावात, मिळालेली. चालकाची जागा डाव्या हाताला, त्यामुळे बाई उजव्या बाजूला बसायच्या आणि नवखा माणूस त्यांनाच ड्रायव्हर समजून सलाम करायचा. खरा ड्रायव्हर नथ्थू. भला माणूस, पण त्याला एकच वाक्य येत होतं: "काय नाई होत बाई." ब्रेक लागत नाहीत? काय नाई होत. पूल पाण्याखाली? काय नाई होत.

आणि एकदा झालं. एका अडलेल्या बाईला जीपमध्ये घातलं, नथ्थूनं सेल्फ मारला, आणि गाडीनं नुसतं कण्हून दाखवलं. बॅटरी उतरली होती. पोरीला खाली उतरवून बैलगाडीत घालावं लागलं. ती वाचली, पण सगुणाबाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या जीपच्या ड्रायव्हरसमोरच्या पत्र्यावरच्या चार्जिंगच्या काट्याकडे बोट दाखवून नथ्थूला विचारू लागल्या.

"हा काटा काय सांगते?"

"बॅटरीत करंट जाऊन राह्यला का निघून राह्यला, ते."

"म्हणजे आवक-जावक. घरात किती हाय, ते कोण सांगन?"

नथ्थूनं डोकं खाजवलं. ते सांगणारा काटा गाडीला नव्हताच. "त्याले व्होल्टमीटर लागते बाई. आपल्या गाडीले कंपनीनं देल्लाच नाई."

"कंपनीले बाळंतपणं कराची नाईत. आपल्याले कराची हायत."

पुढच्या खेपेला त्या औषधं आणायला नागपूरला गेल्या आणि डिस्पोजलच्या दुकानातून एक काळं, गोल, तळहाताएवढं मीटर घेऊन आल्या. वायरलेसच्या कुठल्यातरी पेटाऱ्यातून काढलेलं असावं. लुगड्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणलं.

रविवारी सकाळी दवाखान्याच्या शेडमध्ये ते बसवण्याचा सोहळा झाला. मीटर कुठे बसवायचं यावरून पहिली चकमक. नथ्थूला ते स्वतःच्या समोर हवं होतं. बाई म्हणाल्या, "तुह्यासमोर असलं तर तू म्हणशीन काय नाई होत. माह्यासमोर लाव." मग उजव्या बाजूच्या पत्र्यावर वाटीनं गोल आखला. नथ्थूनं गिरमिटानं त्या गोलावर भोकं पाडली, छिन्नीनं मधला पत्रा उडवला आणि गोल कानशीनं कडा घासत बसला. पत्र्याच्या धारेनं वायर कापली जाऊ नये म्हणून रबर हवं होतं. मी जुन्या एनिम्याच्या नळीचा तुकडा कापून दिला. माझा त्या कामातला वाटा एवढाच, पण मी तो बरीच वर्षं लोकांना सांगत असे.

एक वायर बॅटरीकडून, मध्ये बारीक फ्यूज घालून. दुसरी गाडीच्या अंगाला, रंग खरवडून, स्क्रूखाली घट्ट. सगळं जोडलं, आणि काटा शून्याच्या डावीकडे जाऊन आडव्यासारखा अडकला.

"मीटर खराब निघालं बाई," नथ्थू हिरमुसला.

बाई पुढे झुकल्या. "उलटं आलं म्हणजे खराब नसते नथ्थू. फिरवून घे."

नथ्थूनं वायरी अदलाबदल केल्या आणि काटा सुतासारखा सरळ येऊन सहाच्या वर उभा राहिला. बाई अशा काही हसल्या, की वॉर्डातल्या बाया खिडकीत आल्या.

दुसरी चकमक चावीवरून. मीटर चावीतून जोडलं तर चावी लावल्याशिवाय काटा हलणार नाही, आणि चावी नथ्थूच्या खिशात. थेट जोडलं तर मीटर रात्रंदिवस थोडीथोडी बॅटरी पीत राहणार. बाईंना नथ्थूविना पाहायचं होतं, नथ्थूला बॅटरी वाचवायची होती. शेवटी डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावरच्या बिघडलेल्या घंटीचं बटण काढून आणलं आणि ते मध्ये जोडलं. दाबलं की काटा उठतो, सोडलं की झोपतो. तेव्हापासून बाई रोज सकाळी वॉर्डात जाण्याआधी शेडमध्ये जात आणि ते बटण दाबून पाहत. एखाद्या आजाऱ्याची नाडी पाहावी, तसं. मग कपाळाला हात न लावता, नमस्कार न करता, सरळ कामाला लागत.

पण नुसता आकडा पाहून त्यांचं समाधान होईना. "किती उतरलं म्हणजे गाडी बसन, ते सांग." नथ्थूला तरी कुठं ठाऊक! मग एका मोकळ्या दिवशी जीपचे दिवे लावून ठेवले, आणि काटा जरा उतरला की सेल्फ मारून पाहायचा, असा उद्योग दोघांनी केला. सेल्फ जिथं कण्हायला लागला तिथं बाईंनी माझ्याकडचं तांबडं औषध मागून काचेवर काडीनं रेघ ओढली. "हे सेल्फचं." त्याच्याखाली लोखंडी हँडल फिरवून गाडी चालू होत होती. पुढं तेही थांबलं, कारण ठिणगीपुरतासुद्धा करंट उरला नाही. तिथं त्यांनी तोंड आलेल्या पोरांना लावायच्या जांभळ्या औषधाची रेघ ओढली. "हे हँडलचं."

"आणि त्याच्या खाली?" मी विचारलं.

"त्याच्या खाली बैल," नथ्थू म्हणाला, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो. बॅटरी चार्ज करायला वर्ध्याला पाठवावी लागली आणि डॉक्टर दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

हा एवढा खटाटोप एका कारणासाठी होता. खेड्यात बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यांत अंधारी खोली. खिडकी नाही, कंदिलाची काच काळी. बाई जीप दारासमोर तोंड करून उभी करवत आणि दिवा लावायला सांगत. दारावर एक पांढरं धोतर ताणून बांधत. उजेड आत, नजरा बाहेर. गावातली म्हातारी माणसं हा प्रकार पाहून तोंडात बोटं घालत. पण त्या धोतरातून गाळून आलेल्या उजेडात बाईंनी टाके घातलेत, नाळा सोडवल्यात, गेल्यात जमा पोरांना उलटं धरून रडवलंय. त्या उजेडासाठी बॅटरी खर्च व्हायची, आणि त्याच बॅटरीवर परत यायचं असायचं. किती उजेड परवडेल, एवढंच त्यांना त्या काट्याकडून हवं होतं.

लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा थंडी संपत आली होती. बाईंचं वय दहा वर्षांनी कमी झालं. दवाखान्यात येताना तिच्यासाठी कुणाकुणाकडून डिंक, खारका, काय काय गोळा करून आणत. मला म्हणाल्या, "माह्या हातानं साऱ्या गावाची पोरं काढली. आता घरचं. हात कापन काय हो माहा?" मी म्हटलं, "काय नाई होत बाई," आणि त्यांनी पाठीत धपाटा घातला.

लीलाचे दिवस भरायला अजून थोडा अवकाश होता. अशात आडवळणाच्या एका गावातून बोलावणं आलं. यमुना नावाची पहिलटकरीण, पोर पायाळू. डॉक्टर नागपूरला. बाई, मी आणि नथ्थू निघालो. अर्ध्या वाटेत इंजिनाचा पंख्याचा पट्टा तुटला. त्याच पट्ट्यावर बॅटरी भरणारा डायनामो फिरतो. नथ्थूनं सुताची दोरी पिळून बांधली आणि गाडी कशीबशी गावात नेली. तिथं पोचेपर्यंत दोरीही गेली. म्हणजे आता बॅटरीत जे होतं तेवढंच होतं, वर एक थेंब पडणार नव्हता.

दिवेलागणीची वेळ. नथ्थूनं एक दिवा सोडवून ठेवला, एकच लावला. धोतर बांधलं. यमुना घाबरून गेली होती. बाई तिच्याशी गप्पा मारत होत्या, आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. "माही लेक बी आलीय ना पहिल्यांदा. तुह्याएवढीच हाय. तिचे बी दिवस भरत आले. ती बी अशीच बोंबलन, पाह्यजो. कळ आली का? दे जोर, दे माय."

नथ्थू मधून मधून बटण दाबून पाहत होता. काटा लाल रेघेवर आला, मग खाली सरकला. तेवढ्यात गावात रेंगी शिरली, माणसांची ने-आण करायची हलकी बैलगाडी. बैलांच्या तोंडाला फेस. त्यातून दवाखान्याचा चपराशी उतरला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. लीलाला दुपारपासून रक्त जात होतं. थांबत नव्हतं. तिच्याजवळ एक म्हातारी दाई होती, दुसरं कुणी नाही.

मी धोतराशी जाऊन बाईंना हाक मारली. त्या दाराबाहेर आल्या. धुतलेले दोन्ही हात वर धरलेले, कुठं लागू नयेत म्हणून. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी फक्त जीपकडे पाहिलं.

"काटा कुठी हाय?"

"लालच्या खाली गेला बाई," नथ्थू म्हणाला. "अजून हँडलनं होईन. दिवा आता बंद करा. दोरी बांधतो नवी. घरात कंदील हाय ना, इथल्या दायीले सांगा, ती पाहीन. चला बाई. आताच चला."

"पोराचे पाय बाहेर हायत," बाई म्हणाल्या. "नाळ गळ्याशी हाय. कंदिलात मले ती दिसत नाई."

आतून यमुनानं हाक मारली. "बाई, कुठी गेल्या वो?"

बाई तशाच उभ्या होत्या, हात वर धरून. मी आयुष्यात माणसाचा चेहरा असा पुन्हा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. मग त्या म्हणाल्या, "दिवा राहू दे नथ्थू." आणि धोतर खांद्यानं सारून आत गेल्या. आत गेल्याबरोबर त्यांचा आवाज आला, पहिल्यासारखाच, मोठा. "हे काय आली मी. कुठी जातो? दे जोर."

पोर जन्मलं. रडायला वेळ लागला, पण रडलं. मुलगा. नंतर यमुनाचं रक्त थांबेना, टाके घालावे लागले. बाईंनी दिवा बंद करा म्हणून सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा धोतरावरचा उजेड पिवळा पडून गेला होता. नथ्थूनं बटण दाबलं. काटा जांभळ्या रेघेच्या खाली.

तरी त्यानं हँडल मारलं. मारतच राहिला. गावकऱ्यांनी गाडी ढकलली. नथ्थू रडत हँडल मारत होता आणि गाडीत ठिणगी नव्हती. शेवटी बाईंनीच त्याचा हात धरला. "पुरे कर. बैल जुंपा."

रेंगीचे बैल आधीच दमलेले. गावातली दुसरी जोडी जुंपली, पण ती नांगराची, तिला धावायची सवय नव्हती. सारी वाट मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. चढ आला की त्या खाली उतरत आणि बैलांच्या पुढे चालायला लागत. जड गाडीपेक्षा त्या लवकर चालत होत्या. मग थांबून गाडीची वाट पाहत.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि अंगणात बाया बसल्या होत्या. कुणीतरी उठून बाईंना वाट दिली. लीला गेली होती. पोटातलंही गेलं होतं. मुलगी होती, असं दाईनं सांगितलं.

बाईंनी लेकीला स्वतः आंघोळ घातली. कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टर परतल्यावर मला म्हणाले की अशा रक्तस्रावात त्या असत्या तरी फार काही झालं नसतं, कदाचित. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर चांगला माणूस हाय." तेवढंच.

दिवस झाल्यावर त्या कामावर आल्या. त्या आधी नथ्थूनं मीटर काढून फेकायला घेतलं होतं. त्याला ते डोळ्यांसमोर नको होतं. पत्र्याला तेवढं गोल भोक राहिलं होतं. बाईंनी भोक पाहिलं आणि नथ्थूला हाक मारली.

"मीटर कुठी हाय?"

नथ्थू मान खाली घालून उभा. "बाई, मले नाई पाह्यल्या जात ते."

"त्यानं खोटं सांगतलं काय? बरोबरच सांगून राह्यलं होतं. लाव परत." वॉर्डाकडे वळताना म्हणाल्या, "दुसरीची लेक असन तवा पाहाले लागन."

ते पुन्हा लागलं. बाई पुन्हा बाळंतपणांना जाऊ लागल्या. फक्त सकाळी शेडमध्ये जाणं त्यांनी सोडलं. तो काटा आता नथ्थू पाही आणि येऊन सांगे, आणि त्या नुसत्या हं म्हणत. घरी जायची त्यांना घाई राहिली नव्हती. वॉर्डातल्या बाया निजल्या तरी त्या पट्ट्या गुंडाळत बसत. मला त्यांच्याशी कसं बोलावं कळत नसे. मी त्यांना हसवायला जायचो आणि त्या हसायच्या, माझ्यासाठी.

माझी बदली झाली. जाण्याआधी शेवटचा दौरा देवी टोचायचा होता, आणि त्या दौऱ्यात यमुनाचं गावही होतं. मी बाईंना म्हटलं, तुम्ही नका येऊ. त्या म्हणाल्या, "देवीचं टोचणं काय गाव पाहून असते?"

चावडीपुढं बायांची रांग लागली होती. यमुना पोराला घेऊन आली. बाळसं धरलेलं, गुटगुटीत, काजळानं बरबटलेलं पोरगं. तिनं ते बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि पायांशी वाकली. त्या संध्याकाळी दाराबाहेर काय बोलणं झालं, ते त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. चपराशानं मलाच कानात सांगितलं होतं, आणि आम्ही कुणी पुढं बोललो नव्हतो.

बाईंनी पोराचा दंड स्पिरिटनं पुसायला घेतला. पोरगं त्यांच्या पदराशी खेळत होतं.

"बाई," यमुना म्हणाली, "तुमची लेक कशी हाय? तवा तिचे दिवस भरत आले म्हणत होत्या ना तुमी."

माझ्या हातातली शिशी तशीच राहिली. नथ्थू उठून जीपमागे गेला.

"मजेत हाय," बाई म्हणाल्या. "पोरगी झाली तिले."

"अगं माय! नाव काय ठेवलं?"

बाई दंड पुसत राहिल्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"अजून ठेवलं नाई."

"इतके महिने झाले अन् नाव नाई? काऊन वो बाई? ठेवा ना लवकर. लेकरू बिन नावाचं राहू नये."

"ठेवू," बाई म्हणाल्या. "तू धर याले घट्ट. रडन आता."